मोटारसायकलचा क्लच आणि इंजिन ऑइलची निवड : घर्षणाच्या अंगाने एक विवेचन

गोषवारा :

भारतात वापरल्या जाणाऱ्या बहुसंख्य चार-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच ही तिन्ही अंगे एकाच तेलावर चालतात. इंजिनाला घर्षण कमी हवे असते, तर क्लचला ते पुरेसे हवे असते. मोटारगाड्यांच्या तेलात इंधन बचतीसाठी घर्षण कमी करणारी रसायने येऊ लागल्यावर हा विरोध उघड झाला आणि १९९८ मध्ये जपानमध्ये 'जासो टी ९०३' हे मोटारसायकलच्या तेलासाठीचे स्वतंत्र मानक अस्तित्वात आले. प्रस्तुत लेखात क्लचची रचना, तेलातील रसायनांचे कार्य, सदर मानकाचा अर्थ आणि तेल निवडताना प्रत्यक्षात होणारी गल्लत यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : वंगण, घर्षण, वेट क्लच, श्यानता, जासो टी ९०३, एमए, एमबी

प्रस्तावना :

मोटारसायकल हे आज महाराष्ट्रातील ग्रामीण आणि निमशहरी जीवनाचे प्रमुख वाहन होय. दुधाच्या किटल्या, खताचे पोते, शाळेत जाणारी दोन मुले आणि प्रसंगी आजारी माणूस, या सर्वांचा भार ती वाहते. आपल्या महाविद्यालयांच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या वाहनांकडे पाहिले तरी तिचे स्थान लक्षात येते. असे हे वाहन दर काही हजार किलोमीटरनंतर गॅरेजमध्ये जाते. तेथे जुने तेल काढून नवे ओतले जाते. कोणते तेल ओतले, हे मालक सहसा विचारीत नाही आणि मिस्तरीही आपणहून सांगत नाही. विचारलेच तर "चार-स्ट्रोकचंच आहे, चालतंय" असे उत्तर मिळते.

त्यानंतर काही आठवड्यांनी एखादी गाडी 'ओढेनाशी' होते. मूठ पिळली की इंजिनाचा आवाज चढतो, परंतु गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर हा फरक अधिक जाणवतो. गॅरेजमध्ये निदान होते : क्लच प्लेटा गेल्या. नव्या प्लेटा बसविल्या जातात, तेल मात्र पुन्हा तेच ओतले जाते आणि तक्रार काही महिन्यांत परत येते. प्लेटांचा खर्च, मजुरी आणि बुडालेला दिवस हे सारे मालकाच्या अंगावर पडते. घाटात एसटीच्या पुढे जाण्यासाठी मूठ पिळावी आणि गाडीने नेमक्या त्याच क्षणी साथ सोडावी, हा प्रसंग तर खर्चाच्या हिशेबापलीकडचा आहे. म्हणूनच हा विषय केवळ मिस्तरींवर सोपवून चालणार नाही. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि ग्राहकाचा व्यवहार या तिन्हींचा त्यात संबंध येतो आणि तो समजून घेण्यासाठी पदवीच्या प्रथम वर्षाला शिकविले जाणारे घर्षणाचे प्रकरण बव्हंशी पुरेसे आहे.

तीन अंगे, एक तेल :

या प्रश्नाला एक इतिहास आहे. राजदूत, येझदी, १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० किंवा घरोघरी दिसणारी बजाज चेतक ही दोन-स्ट्रोक वाहने होती. त्यांच्या इंजिनाचे वंगण पेट्रोलबरोबर सिलिंडरमध्ये जाऊन जळून जात असे. गिअर आणि क्लच यांच्यासाठी वेगळे तेल असे आणि ते क्वचितच बदलले जाई. म्हणजे इंजिनाचे तेल आणि क्लचचे तेल यांची गाठच पडत नसे. जुन्या बनावटीच्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्येही क्लच हा प्रायमरी चेनच्या पेटीत स्वतंत्र तेलात फिरे. इंजिनात काय ओतले याचे त्याला सोयरसुतक नसे.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. पुढे १९९६ आणि २००० या वर्षांच्या उत्सर्जन मानकांनंतर दोन-स्ट्रोक मोटारसायकली मागे पडत गेल्या. चार-स्ट्रोक इंजिनात साधारण एक लिटर तेल तळाशी साठते. तेच पिस्टन आणि क्रँकला वंगण पुरविते, तेच गिअरच्या दातांमध्ये चिरडले जाते आणि त्यातच क्लच फिरतो. बुलेटमध्येही २००८-०९ च्या सुमारास आलेल्या एकसंध रचनेच्या इंजिनाने हे तिन्ही कप्पे एकत्र केले. वाहन बदलले, परंतु 'तेल ते तेल' ही आपली सवय मात्र दोन-स्ट्रोकच्या काळातीलच राहिली, असे म्हणता येईल.

मोटारगाडीत परिस्थिती वेगळी असते. हाताने गिअर बदलण्याच्या मोटारगाडीत क्लच कोरडा असतो, गिअरबॉक्सला स्वतःचे तेल असते आणि इंजिन ऑइल फक्त इंजिनापुरते असते. त्यामुळे मोटारगाडीचे तेल तयार करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला क्लचचा विचार करावा लागत नाही. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ या एका भेदात आहे.

क्लचची रचना आणि एक साधे गणित :

मोटारसायकलच्या तेलात बुडालेल्या क्लचला 'वेट क्लच' असे म्हणतात. यात दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षण-प्लेटांवर कागदी तंतू किंवा कॉर्क यांपासून बनविलेला थर चिकटविलेला असतो. त्यांचे बाहेरचे दाते क्लचच्या बाह्य पिंजऱ्यात अडकतात आणि हा पिंजरा इंजिनाबरोबर फिरतो. पोलादी प्लेटांचे आतील दाते मधल्या हबमध्ये अडकतात आणि हा हब गिअरबॉक्सला फिरवितो. स्प्रिंगा या सर्व चकत्यांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर ओढला की दाब निघतो आणि चकत्या सुट्या होतात.

इंजिनाची संपूर्ण शक्ती चाकाकडे जाताना केवळ या चकत्यांमधील घर्षणावर अवलंबून असते. क्लच किती टॉर्क, म्हणजे किती फिरविणारे परिबल, वाहून नेऊ शकतो हे चार राशींच्या गुणाकाराने ठरते : घर्षणांक, घर्षण-पृष्ठभागांची संख्या, स्प्रिंगांचा एकूण दाब आणि चकत्यांची सरासरी त्रिज्या. स्पष्टीकरणापुरती काही सोयीची मूल्ये घेऊ. समजा, इंजिनाचा टॉर्क ८ न्यूटन-मीटर आहे आणि क्लचपर्यंत येताना पहिल्या गिअरजोडीमुळे तो तिप्पट, म्हणजे २४ न्यूटन-मीटर होतो. घर्षण-पृष्ठभाग ८, दाब ८०० न्यूटन, सरासरी त्रिज्या ०.०४५ मीटर आणि घर्षणांक ०.१२ धरला, तर क्लचची क्षमता सुमारे ३४.६ न्यूटन-मीटर येते. गरज २४ ची आणि क्षमता जवळपास ३५ ची. म्हणजे पुरेसा राखीव वाव आहे. आता बाकी सर्व तसेच ठेवून घर्षणांक ०.०८ करावा. क्षमता २३ न्यूटन-मीटरवर उतरते. इंजिन पूर्ण जोरात असताना क्लच घसरू लागतो.

या उदाहरणातील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. स्प्रिंगा, प्लेटा, त्रिज्या यांपैकी काहीही झिजलेले नाही. बदलले ते फक्त तेल. वर्गात घर्षणांक शिकविताना आपण उतरणीवरच्या लाकडी ठोकळ्याचे उदाहरण देत आलो आहोत. विद्यार्थ्यांपैकी निम्मे ज्या वाहनावरून वर्गात येतात, त्या वाहनाच्या पोटातच हे उदाहरण असताना ठोकळ्यावर का थांबावे, असा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पडतो.

घसरण प्रथम वरच्या गिअरमध्ये का जाणवते, हेही येथेच पाहता येते. खालच्या गिअरमध्ये गाडी झपाट्याने वेग घेते, इंजिनाच्या शक्तीचा काही भाग त्याच्या स्वतःच्या फिरत्या भागांना वेग देण्यात खर्च होतो आणि जास्तीत जास्त टॉर्कची अवस्था क्षणात मागे पडते. वरच्या गिअरमध्ये मात्र इंजिनाचा वेग सावकाश वाढतो. त्यामुळे पूर्ण टॉर्क दीर्घकाळ क्लचवर येत राहतो. म्हणून साध्या रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असताना एकदम मूठ पिळून पाहणे ही क्लचची सर्वांत सोपी परीक्षा होय. इंजिनाचा आवाज वेगाला सोडून वर धावला, तर क्लच घसरत आहे असे समजावे.

तेल घर्षण कसे बदलते :

तेलामुळे घर्षण कमी होते हे सर्वांना ठाऊक आहे. मग तेलात बुडालेला क्लच मुळात पकडतोच कसा, ही शंका स्वाभाविक आहे. याचे उत्तर वंगणाच्या दोन अवस्थांमध्ये आहे. दोन पृष्ठभाग वेगाने एकमेकांवरून सरकत असतात आणि दाब माफक असतो, तेव्हा त्यांच्यामध्ये तेलाचा पूर्ण थर टिकतो. घर्षण तेव्हा तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर, अवलंबून असते. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ही अवस्था आढळते. परंतु दाब वाढला आणि सापेक्ष वेग कमी झाला की तेल पिळून बाहेर पडते, पृष्ठभागांची उंचवट्यांवर उंचवटे अशी गाठ पडते आणि मध्ये उरतो तो केवळ रेणूंचा अतिशय पातळ थर. जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रायबेक याने १९०२ च्या सुमारास बेअरिंगांवरील प्रयोगांतून वेग, दाब आणि घर्षण यांचा हा संबंध आलेखाच्या रूपाने मांडला. दुसऱ्या अवस्थेला सीमावर्ती वंगण असे म्हणता येईल. क्लच पूर्ण पकडलेला असतो तेव्हा त्याच्या चकत्या या दुसऱ्या अवस्थेत असतात. प्लेटांवरील खाचा आणि थरातील सूक्ष्म छिद्रे यांचे कामच मुळी तेल लवकर बाहेर काढून देणे हे आहे.

सीमावर्ती अवस्थेत तेलाच्या दाटपणाला फारसे महत्त्व उरत नाही. धातूला कोणते रेणू चिकटून बसले आहेत, यावर घर्षण ठरते. घर्षण कमी करण्यासाठी तेलात मिसळली जाणारी रसायने नेमकी येथे काम करतात. ग्लिसरॉल मोनोओलिएटसारख्या सेंद्रिय रसायनाच्या रेणूला एक ध्रुवीय डोके आणि एक लांब शेपटी असते. डोके धातूला चिकटते, शेपट्या बाहेर उभ्या राहतात आणि गालिच्याच्या लवीसारखा एक निसरडा थर तयार होतो. मॉलिब्डेनमची काही संयुगे उष्णता व दाबाखाली धातूवर पापुद्र्यासारखा थर निर्माण करतात. त्याचे पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात. पिस्टनच्या कड्या आणि कॅम यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. क्लचच्या दृष्टीने मात्र, ज्या पायवाटेवर पाय रोवून उभे राहायचे तिच्यावरच शेवाळ धरल्यासारखे होते.

मोटारगाडीच्या तेलाची वाट वेगळी का झाली :

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत १९७५ मध्ये मोटारगाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेवर बंधन घालणारा कायदा झाला. इंधन वाचविण्याच्या अनेक मार्गांपैकी इंजिनातील घर्षण कमी करणे हा एक स्वस्त मार्ग होता. त्यामुळे मोटारगाड्यांची तेले अधिक पातळ होत गेली आणि त्यांत घर्षण कमी करणारी रसायने वाढत गेली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही संस्था, म्हणजेच एपीआय, पेट्रोल इंजिनांच्या तेलांना 'एस' ने सुरू होणाऱ्या श्रेणी देते. २००१ ची एसएल, २००४ ची एसएम, २०१० ची एसएन, २०२० ची एसपी आणि २०२५ ची एसक्यू अशी ती मालिका आहे. प्रत्येक नवी श्रेणी मळ साचणे, तेलाचे ऑक्सिडीकरण, झीज इत्यादी बाबतींत आधीपेक्षा कडक असते. परंतु या श्रेणींच्या कसोट्या मोटारगाड्यांच्या इंजिनांसाठी आहेत. त्यांत मोटारसायकलच्या क्लचची परीक्षा होत नाही. 'वरची श्रेणी म्हणजे माझ्या गाडीला अधिक चांगले' हे अनुमान म्हणूनच अपुरे ठरते.

फॉस्फरसची कथा तर अधिक उद्बोधक आहे. तेलातील जस्त आणि फॉस्फरसयुक्त रसायन झिजेपासून संरक्षण करते. मात्र थोडे तेल जळतेच आणि त्यातील फॉस्फरस धुराड्यातील उत्प्रेरकाला निकामी करतो. म्हणून मोटारगाड्यांच्या हलक्या ग्रेडच्या तेलांसाठी जपानी व अमेरिकी मोटार उत्पादकांच्या 'इल्सॅक' या मानकाने २००४ च्या 'जीएफ-४' पासून फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के अशी ठरविली. मोटारसायकलच्या 'जासो' मानकात मात्र किमान ०.०८ आणि कमाल ०.१२ टक्के फॉस्फरस अपेक्षित आहे. एकाचे छत तेच दुसऱ्याचे जोते आहे. लहान, वेगाने फिरणारे, हवेने थंड होणारे आणि गिअरही त्याच तेलावर चालविणारे इंजिन झिजेच्या संरक्षणाला अधिक भुकेले असते, हे यामागील कारण होय.

जासो टी ९०३ : एमए आणि एमबी :

जपानमधील मोटारसायकल उत्पादकांना हा विरोध प्रथम जाणवावा, हे साहजिक होते. तेथील वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकांना 'जासो' या संक्षेपाने ओळखले जाते. १९९८ मध्ये चार-स्ट्रोक मोटारसायकलच्या तेलासाठी 'टी ९०३' हे मानक प्रसिद्ध झाले. पुढे २००६, २०११, २०१६ आणि २०२३ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. यात तेलाची परीक्षा 'एसएई क्रमांक २' या नावाच्या घर्षणयंत्रावर केली जाते. प्रत्यक्ष क्लच प्लेटा त्या तेलात बुडवून त्या पुन्हा पुन्हा जोडल्या जातात आणि तीन गोष्टी मोजल्या जातात : प्लेटा एकमेकींवर सरकत असतानाचे घर्षण, पकडून स्थिर झाल्यावर त्यांना पुन्हा सरकविण्यासाठी लागणारे बल आणि फिरता भाग थांबण्यास लागलेला वेळ. ही मोजमापे दोन संदर्भ तेलांशी ताडून तीन निर्देशांक काढले जातात.

निर्देशांक वरच्या पट्ट्यात असतील तर ते तेल 'एमए' होय. २००६ च्या आवृत्तीपासून या पट्ट्याचेही दोन भाग झाले. तिन्ही निर्देशांक वरच्या भागात असतील तर 'एमए२', तिन्ही खालच्या भागात असतील तर 'एमए१' आणि संमिश्र असतील तर नुसते 'एमए'. घर्षण याहून कमी असणारे तेल 'एमबी' या गटात जाते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'एमबी' म्हणजे दुय्यम किंवा हलक्या प्रतीचे तेल नव्हे. ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये पट्ट्याची चालना आणि कोरडा क्लच असतो. इंजिन ऑइल त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वाहनासाठी कमी घर्षणाचे 'एमबी' तेल हीच योग्य निवड आहे. स्कूटरला ते इंधन वाचवून देते. मोटारसायकलचा मात्र क्लच घसरवू शकते.

आपल्याकडील प्रत्यक्ष घोटाळा येथेच होतो, असे निरीक्षणांती म्हणावेसे वाटते. एकाच घरात आता स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतात. दोन्हींच्या तेलाचा ग्रेड पुष्कळदा '१० डब्ल्यू-३०' हाच असतो. एकाच कंपनीच्या, जवळजवळ सारख्याच रंगाच्या बाटल्या दुकानाच्या एकाच फळीवर उभ्या असतात आणि दोन्हींवर ठळक अक्षरांत '४टी' लिहिलेले असते. स्कूटरसाठी आणलेल्या तेलातील उरलेले तेल वाया जाऊ नये म्हणून मोटारसायकलमध्ये ओतले जाते. काटकसर हा आपला गुण खरा, परंतु येथे तो महागात पडतो. 'एमए' आणि 'एमबी' यांतील भेद सांगणारी अक्षरे बाटलीच्या मागील बाजूस, बारीक टाइपात आणि इंग्रजीत असतात. ज्या ग्राहकासाठी ही माहिती सर्वाधिक मोलाची, त्याच्याच वाचनात ती येऊ नये अशी ही व्यवस्था आहे. औषधाच्या वेष्टनाबद्दल आपण जेवढे जागरूक झालो आहोत, त्याच्या निम्मेही तेलाच्या बाटलीबद्दल झालेलो नाही.

ग्रेड आणि दाटपणा यांविषयी :

'१० डब्ल्यू-३०', '२० डब्ल्यू-४०', '१५ डब्ल्यू-५०' या संज्ञा फक्त श्यानता सांगतात. 'डब्ल्यू'सह येणारा आकडा थंडीतील प्रवाहीपणाचा निदर्शक आहे आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते हे दर्शवितो. एसएई जे ३०० या मानकानुसार '३०' ग्रेडच्या तेलाची श्यानता त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, '४०' ची १२.५ ते १६.३ आणि '५०' ची १६.३ ते २१.९ या पट्ट्यांत असते. क्लच पकडेल की नाही, याचे उत्तर या आकड्यांत नाही. क्लच घसरतो म्हणून अधिक दाट तेल घालण्याचा सल्ला मात्र सर्रास दिला जातो. सीमावर्ती अवस्थेविषयी वर जे सांगितले, त्यावरून तो निराधार आहे हे लक्षात येईल. उलट, अति दाट तेलाने विरुद्ध दोष निर्माण होतो. सकाळी इंजिन थंड असताना लिव्हर ओढूनही चकत्या तेलाने एकमेकींना चिकटून राहतात, पहिला गिअर टाकताच गाडी हिसका देते आणि न्यूट्रल सापडत नाही. क्षमतेपेक्षा अधिक तेल भरल्यानेही अशीच ओढ जाणवते.

तथापि ग्रेडचा क्लचशी एक अप्रत्यक्ष संबंध आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. इंधन बचतीची 'एनर्जी कन्झर्व्हिंग' किंवा २०१० नंतरची 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' ही मोहोर एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या अर्ध्या भागात असते आणि ती केवळ हलक्या ग्रेडच्या तेलांनाच मिळते. '२० डब्ल्यू-४०' किंवा '२० डब्ल्यू-५०' तेलावर ती आढळत नाही. पूर्वी आपल्याकडे मोटारसायकलींत '२० डब्ल्यू-४०' चे प्रमाण मोठे होते. त्या काळी कोणी त्याच ग्रेडचे मोटारगाडीचे तेल ओतले, तरी क्लच सहसा तक्रार करीत नसे, कारण त्या तेलात घर्षण कमी करणारी रसायने बेताचीच असत. आता उत्पादकांनीच अनेक गाड्यांसाठी '१० डब्ल्यू-३०' सुचविले आहे आणि मोटारगाडीच्या तेलातील तीव्र रसायने नेमकी याच ग्रेडमध्ये आहेत. 'आम्ही वीस वर्षे कारचेच ऑइल टाकतो, काही झाले नाही' हा अनुभवी मिस्तरींचा दाखला खोटा नाही. तो ज्या तेलाविषयी आहे, ते तेल मात्र आता त्यांच्या हातातल्या डब्यात राहिलेले नाही.

ग्रामीण भागात ट्रॅक्टरसाठी आणलेले डिझेल इंजिनाचे '१५ डब्ल्यू-४०' तेल मोटारसायकलमध्ये घालण्याचाही प्रघात दिसतो. या तेलांत घर्षण कमी करणारी रसायने सहसा नसतात, त्यामुळे क्लच बहुधा घसरत नाही. अशा काही तेलांवर 'जासो एमए' असा उल्लेखही असतो. मात्र ज्यावर तो नाही, त्या तेलाची क्लचच्या दृष्टीने तपासणी झाली असे धरून चालता येत नाही. शिवाय डिझेल तेलातील राख निर्माण करणारे घटक पुष्कळदा अधिक असतात. जासो मानकाने सल्फेटेड राखेवर १.२ टक्क्यांची मर्यादा घातली आहे ती उगाच नव्हे. अडीअडचणीला हे तेल निभावून नेईल, परंतु त्याची सवय लावू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तेलात वरून घालावयाच्या ज्या लहान बाटल्या 'इंजिन गुळगुळीत करणाऱ्या' म्हणून विकल्या जातात, त्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. टेफ्लॉन किंवा मॉलिब्डेनम असलेली अशी कोणतीही भर वेट क्लचच्या गाडीत टाकू नये.

तेलाचा दोष नसेल तेव्हा :

क्लच घसरण्याचे प्रत्येक प्रकरण तेलाशी जोडणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. केबल ताणलेली असेल, लिव्हरला मोकळी हालचालच उरली नसेल, तर स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर येत नाही. बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवावी असे सांगितलेले असते. हे समायोजन विनाखर्च होते. म्हणून सर्वप्रथम तेच पाहावे. स्प्रिंगा काळाने ढिल्या पडतात आणि प्लेटांवरील थर झिजतो. दुधाच्या किटल्या लादून चढ चढणारा दूधवाला किंवा गोव्यातील भाड्याने प्रवासी नेणारा मोटारसायकल 'पायलट' यांना दिवसभर अर्धा क्लच दाबून चालवावे लागते. त्यांच्या प्लेटा योग्य तेल असूनही लवकर झिजणारच.

तेल आणि झीज यांत फरक करण्यास एक खूण उपयोगी पडते. झिजेमुळे होणारी घसरण हळूहळू, महिनोन्‌महिने वाढत जाते. तेलामुळे होणारी घसरण तेल बदलल्यानंतर लवकरच, पुष्कळदा इंजिन चांगले तापल्यावर, सुरू होते. त्यामुळे तक्रार घेऊन आलेल्या मालकाला मिस्तरीने विचारावयाचा पहिला प्रश्न 'शेवटचे तेल कधी आणि कोणते टाकले' हा असावयास हवा. बाटलीवरील ग्रेड, एपीआय श्रेणी आणि जासोचा गट या तीन गोष्टी किलोमीटरसह वहीत किंवा मोबाइलमध्ये टिपून ठेवल्या, तर या प्रश्नाचे उत्तर देता येते.

खरेदी आणि दुरुस्ती :

तेल विकत घेताना पहिला आधार माहितीपुस्तिका हाच होय. तिच्यात दिलेला ग्रेड पाळावा. एपीआय श्रेणी सांगितलेल्यापेक्षा वरची असली तरी हरकत नाही. जासोचा गट मात्र बदलू नये. 'एमए' सांगितले असेल तर 'एमए१' किंवा 'एमए२' सुद्धा चालते. 'एमए२' सांगितले असेल तेथे तेच घ्यावे. जासोकडे नोंदविलेल्या तेलाच्या डब्यावर एक लहान चौकट असते. तिच्यात नोंदणीचा संकेतांक आणि गट छापलेला असतो. ही नोंदणी उत्पादकाच्या स्वयंघोषणेवर आधारलेली असली, तरी नुसत्या 'बाइकसाठी उत्तम' अशा मजकुरापेक्षा ती निश्चितच अधिक जबाबदारीची आहे. सिंथेटिक तेलाने क्लच घसरतो, ही समजूतही येथेच बाजूला ठेवावी. आधारतेल खनिज आहे की सिंथेटिक, यावर नव्हे तर त्यात मिसळलेल्या रसायनांवर क्लचचे वर्तन अवलंबून असते आणि 'एमए२' गटात सिंथेटिक तेले मुबलक आहेत. मोटारसायकलमध्ये गिअरचे दात तेलातील लांब साखळीचे रेणू तोडत असल्याने तेल मोटारगाडीपेक्षा लवकर पातळ होते. म्हणून बदलाची मुदत मोटारगाडीच्या हिशेबाने लांबवू नये. सील तुटलेली बाटली घेऊ नये आणि रिकामी झालेली बाटली कापूनच टाकावी, म्हणजे तिच्यात दुसरेच तेल भरून ती पुन्हा फळीवर येणार नाही.

चुकीचे तेल आधीच पडले असेल, तर प्लेटा बदलण्याची घाई करू नये. इंजिन कोमट असताना तेल पूर्ण काढावे, योग्य गटाचे तेल भरावे आणि काही दिवस चालवून पाहावे. प्लेटा जळालेल्या नसतील, तर पकड अनेकदा परत येते. पहिल्या बदलानंतर सुधारणा अपुरी वाटली, तर आतील सांदीकोपऱ्यांत राहिलेले जुने तेल निघून जाण्यासाठी लवकरच दुसरा बदल करणे इष्ट ठरते. घसरण पुष्कळ दिवस चालू राहिली असेल, तर मात्र उष्णतेने प्लेटांवरचा थर काचेसारखा चकचकीत होतो, पोलादी प्लेटा निळसर पडतात आणि काढलेल्या तेलाला जळका वास येतो. अशा वेळी नव्या प्लेटा घालण्यावाचून पर्याय नसतो. त्या कोरड्या बसवू नयेत. गाडीत जे 'एमए' गटाचे तेल भरावयाचे आहे, त्याच तेलात त्या आधी काही तास, शक्य असल्यास रात्रभर, बुडवून ठेवाव्यात.